तीनदा हुकलेला फोटो

दिराच्या सांगण्यावरून तिने मिररलेस कॅमेऱ्यासाठी माणूस जवळ आणून मागचं सगळं धूसर करणारी पंच्याऐंशी एमएमची लेन्स घेतली होती. आज तिला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या सासऱ्यांचा कामात असतानाचा फोटो हवा होता, पण त्यांची खोली एवढीशी. भिंतीला पाठ टेकवली तरी चौकटीत नुसतं त्यांचं डोकं मावायचं. हात नाहीत, टेबल नाही, घड्याळ तर नाहीच. वैतागून ती दाराबाहेर, पार जिन्यापर्यंत मागे सरकली. आता सगळं नीट बसलं.

"बाबा, जरा मान वर करा."

सासऱ्यांना कमी ऐकू यायचं. "काय म्हणालीस?" असं विचारत ते उठून थेट तिच्यापाशी आले.

असं तीनदा झालं. शेवटी दातओठ खात तिने ती लेन्स उतरवली, कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स चढवली आणि त्यांच्यासमोरच स्टूल ओढून बसली. फोटोत हात आले, घड्याळ आलं, शिवाय मागची औषधांची पिशवी अन् वाळत घातलेला टॉवेलही अगदी स्पष्ट आला.

"छान आलाय की," सासरे म्हणाले.

तिने दिराला फोन लावला. "भाऊजी, या लेन्सला खोली मोठी लागते, हे आधी सांगायचं होतंत."