भिकूची कबुली

रेवदंड्याच्या एका बंगल्यातला पाण्याचा पंप चोरीला गेला, तेव्हा पोलिसांनी दोघांना उचललं. एक बंगल्याचा माळी भिकू, दुसरा शेजारच्या हॉटेलवाल्याचा मुलगा केतन. कोर्टाने दोघांना एकाच दिवशी सारखाच जामीन दिला: पंधरा हजार आणि एक जामीनदार. केतन संध्याकाळच्या चहाला घरी होता. भिकूला परत व्हॅनमध्ये चढवलं.

त्याची बायको सुचिता म्हसळ्याला भावाकडे गेली. भावाच्या, नामाच्या, नावावर सव्वा एकर होतं.

"दादा, सातबारा तेवढा दाखवायचा हाय. जमीन कोण नेत न्हाय."

"आन् तो पळाला तर?"

"दोन पोरं टाकून कुठं पळंल?"

नामाने तिला पोटभर जेवू घातलं, पोरांसाठी फणस दिला. सातबारा दिला नाही.

सरकारी मदतीतून मिळालेल्या वकीलबाईंनी अर्ज केला, जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर सोडा. एका तारखेला न्यायाधीश रजेवर, दुसरीला पोलिसांचं म्हणणंच आलं नाही. चार महिने गेले. भिकूला खरूज झाली. सुचिता तुरुंगात भेटायला गेली की बोलता बोलता रक्त येईपर्यंत खाजवायचा.

"गुन्हा कबूल केला तर भोगलेली कैद शिक्षेत धरतील, आजच सुटेल," वकीलबाई सुचिताला म्हणाल्या. "पण कबूल कर असं मी त्याला सांगणार नाही."

ते सुचिताने सांगितलं, कोर्टाच्या व्हरांड्यात.

"मी न्हाय केली चोरी."

"मला काय ठावं न्हाय? व्हय म्हना नि घरी चला."

न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, कुणाचा दबाव आहे का? भिकू न्हाय म्हणाला.

तो सुटला. बंगल्यावर तोवर दुसरा माळी लागला होता. भिकूला कुणी आवारातसुद्धा घेईना. तो दिवसभर ओट्यावर बसून राही. सुचिताने वाढलेलं जेवी, तिच्याशी बोलत नसे. केतनचा खटला चालला, साक्षीदार फिरले आणि तो निर्दोष सुटला.

दिवाळीनंतर आणखी एका बंगल्यातून इन्व्हर्टर गेला. जीप थेट भिकूच्या दारात आली. सुचिता आडवी आली.

"त्यांनी काय केलंय, सायेब?"

"कबूल केलेला चोर आहे, बाई. आणखी कुणाकडे जाऊ?"

भिकू जीपमध्ये जाऊन बसला.

या वेळी कोर्टाने तीस हजार आणि दोन जामीनदार मागितले. आधीची शिक्षा होती ना. पुढच्या तारखेला सुचिता गेलीच नाही. ती सुकट वाळवायच्या कामाला लागली होती, खाडा झाला तर मुकादम काढून टाकायचा. शेजारणीला तिने हेच सांगितलं. नवऱ्यासमोर उभं राहायचं धाडस होत नाही, हे तिने कुणालाच सांगितलं नाही.