हिरव्या गाडीची रेघ

चष्मेवाल्याच्या स्वप्नात ती गाडी यायची तेव्हा तिला आवाज नसायचा. बुटकी, हिरवी, दोनच सीटांची, छत मागे दुमडलेलं. तो स्वतः आत बसलेला, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीच्या कडेवर. रस्ता कुठला आणि चाललोय कुठे हे कधी कळायचं नाही, आणि स्वप्नात ते विचारायचं सुचायचंही नाही. पोरवयात एकदा दुकानाच्या काचेतून त्याने तशी गाडी जाताना पाहिली होती. पाहिली म्हणजे किती, तर वडिलांनी "भिंगं पूस" म्हणून हाक मारेपर्यंत. तेवढ्या पुंजीवर या माणसाने उभी हयात काढली. काहींचं प्रेम असंच स्वस्तात भागतं.

साठी जवळ आली तेव्हा मात्र त्याने घरात जाहीर करून टाकलं, की जुनी का होईना, ती गाडी घ्यायची. बायको त्याच दुकानात त्याच्या बरोबरीने काम करायची. गिऱ्हाइकांचे डोळे ती तपासायची आणि चष्मे तो बसवायचा. "दोन सीटांची गाडी म्हणजे पाहुणे टाळायची चांगली सोय झाली," एवढंच ती म्हणाली आणि काउंटर पुसत राहिली. तिचा नकार कसा असतो ते त्याला चांगलं ठाऊक होतं. हा नकार नव्हता.

पण एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. त्याचा उजवा डोळा गेल्या वर्षापासून कामातून गेला होता. ज्याच्याकडे बघावं त्याच्या नेमकं मधोमध कुणीतरी धुराचा अंगठा उमटवल्यासारखं दिसायचं. गिऱ्हाइकाचे कान दिसायचे, केस दिसायचे, पण नाकाच्या जागी धुकं. डोळ्यांचे डॉक्टर त्याचे जुने मित्र. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की उजवा आता परत येणार नाही. डावा स्वच्छ आहे. तो जन्मभर तसाच राहील किंवा राहणार नाही, ते कुणाच्या हातात नाही. रोज सकाळी उजवा झाकून डाव्याने कुठल्यातरी सरळ रेघा बघायच्या, आणि ज्या दिवशी त्या वाकड्या दिसतील त्या दिवशी हातातलं काम टाकून धावत यायचं. वेळेत आलास तर वाचवता येईल. तोवर गाडी चालवायला हरकत नाही.

यातलं काहीच त्याला नवीन नव्हतं. बारीक चौकटींचं, मधे काळा ठिपका असलेलं एक कार्ड त्यांच्या दुकानात खिळ्याला टांगलेलं होतं. वयस्कर गिऱ्हाईक आलं की बायको ते त्याच्यासमोर धरायची, एक डोळा झाकायला लावायची आणि विचारायची, "रेघा सरळ दिसतात का?" दिवसातून कितीदा तरी तो ते ऐकायचा. स्वतःसाठी त्याने बाथरूमच्या टाइल्स निवडल्या होत्या. बायकोला सांगितलं असतं तर तिने घरातल्या जुन्या गाडीचीही किल्ली काढून घेतली असती, मग हिरवीचं नाव कशाला? म्हणून त्याने हूं की चूं केलं नव्हतं. सगळं स्वप्न आता डाव्या डोळ्यावर उभं होतं. डावा आपला भरवशाचा, असं तो मनाशी म्हणायचा. अलीकडे मात्र तो आधी गरम पाणी सोडायला लागला होता. वाफेने टाइल्स झाकून जायच्या, मग तो म्हणायचा, उद्या बघू. जन्मभर लोकांच्या डोळ्यांवर पोट भरलेल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचं, म्हणजे कमालच.

गाडी सापडली ती गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरबाईंकडे. गाडी ठणठणीत आहे, त्यांनी फोनवर सांगितलं, पण माझे गुडघे नाहीत. एवढ्या बुटक्या गाडीत बसता येतं, पण बाहेर यायला दोन माणसं लागतात, आणि घरात मी एकटी.

बायकोचा धाकटा भाऊ गॅरेज चालवायचा. त्याला बरोबर घ्यायचं ठरलं. मेहुणा जन्माचा संशयी. हॉटेलात पाणी दिलं तरी आधी ग्लास उजेडात धरून बघणार. त्याने डॉक्टरबाईंना बजावून ठेवलं, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. तापलेलं इंजिन पाहुण्यासारखं गोड वागतं, खरं काय ते गार असतानाच कळतं, असं त्याचं म्हणणं.

सकाळी तिघं मेहुण्याच्या व्हॅनमधून निघाले तेव्हा धुकं इतकं उतरलं होतं की घरं, खांब, झाडं अर्धवट काढून सोडून दिलेली वाटत होती. चष्मेवाल्याला बरं वाटलं. आज सगळ्यांनाच आपल्यासारखं दिसतंय, त्याच्या मनात आलं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगणात लवंगेच्या तेलाचा वास येत होता. डॉक्टरबाई काठी टेकत आल्या. मेहुण्याने गाडीवरचं कापड एका बाजूने ओढत नेलं आणि हिरवा रंग हळूहळू उघडा होत गेला. आधी दिवा, मग चाकावरचा फुगवटा, मग दार. चष्मेवाला पोरवयातल्यासारखाच तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि या खेपेला कुणी भिंगं पुसायला हाक मारली नाही.

मेहुण्याने बॉनेटवर तळवा ठेवला. गार होतं. मग त्याने ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. तिथे दुधट फेस निघाला तर इंजिनात पाणी शिरलंय समजायचं. बोट स्वच्छ निघालं. सीटखालचा गालिचा दाबून ओल नाही ना ते पाहिलं, टायर सगळीकडून सारखे झिजलेत का ते पाहिलं, पोत्यावर उताणा पडून टॉर्चने खालचा पत्रा वाचत गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, मीही असंच बघते, फक्त माझी गिऱ्हाइकं मधे मधे ओरडतात. मग त्याने किल्ली फिरवली. गाडी एकदा खाकरली आणि लगेच एका सुरात लागली. मागून ऑइल जळल्याचा निळा धूर येतो का म्हणून तो वाकून बसला. नुसती पांढरी वाफ आली आणि धुक्यात मिसळून गेली. त्या आवाजात सगळं अंगण मंद गुरगुरायला लागलं. बायको पुढे झाली आणि सीटच्या पाठीवरून तिने सावकाश हात फिरवला. चष्मेवाल्याला वाटलं, झालं, गाडी घरी आली.

मेहुण्याने इंजिन बंद केलं. धुकं विरत होतं, उजेड दुधासारखा पण चांगला पडला होता. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, दारावरून गेलेली पत्र्याची एक उठावाची रेघ त्याने बोटाने दाखवली. गाडी कधी ठोकली असेल, पत्रा ठोकून, पुट्टी भरून रंगवली असेल, तर मागे उकिडवं बसून एक डोळा मिटून या रेघेच्या कडेने बघायचं. दुरुस्ती कितीही सफाईची असो, रेघ तिथे लचकतेच. "मी बघितलंय, भावोजी. पण गाडी तुमची, तुम्हीही बघा."

चष्मेवाला मागच्या दिव्यापाशी उकिडवा बसला. एक डोळा मिटायचा म्हटल्यावर त्याने अर्थात उजवा मिटला, नाहीतरी त्याचा काय उपयोग होता? रेघ त्याच्यापासून निघाली आणि सरळ गेली. दारापाशी मात्र ती खाली वाकली, पाण्यात सोडलेल्या दोऱ्यासारखी, आणि पुढे पुन्हा वर आली.

त्याला आधी वाईट वाटलं. मग, खोटं कशाला सांगा, थोडी ऐटही वाटली. मेहुण्याच्या नजरेतून सुटलं ते आपण पकडलं.

"ही गाडी ठोकलेली आहे," तो म्हणाला. "दारापाशी."

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. कोरी घेतल्यापासून गाडीला माझ्याखेरीज कुणाचा हात लागला नाही, त्या म्हणाल्या, आणि मी कधी कुंडीलासुद्धा धक्का दिलेला नाही. मेहुण्याच्या तर नाकाला मिरच्या झोंबल्या. तो पुन्हा बसला, पुन्हा पाहिलं. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून दारावर ठिकठिकाणी लावलं. पुट्टी असेल तिथे चुंबक धरत नाही, इथे ते सगळीकडे सारखंच चिकटत होतं. दाराच्या फटी बोटाने मापल्या, त्याही सारख्या. शेवटी त्याने डॉक्टरबाईंकडे दोरा मागितला. त्यांनी खिशातून दातांत फिरवायच्या धाग्याची डबी काढली आणि वीतभर नाही, चांगला गाडीभर धागा ओढून दिला.

मेहुण्याने एक टोक बहिणीच्या हातात दिलं. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत धागा त्या रेघेवर ताणून धरला. "आता बघा, भावोजी. धागा आणि रेघ यांच्यात कुठे फट दिसते का?"

चष्मेवाल्याने उजवा मिटून पाहिलं. फट नव्हती. धागा रेघेवर तंतोतंत बसला होता. रेघ दारापाशी वाकत होती आणि तिच्याबरोबर धागाही वाकत होता.

ताणलेला धागा वाकत नाही.

दिव्याच्या काचेला धरून तो तसाच बसून राहिला. गाडी, अंगण, काठी टेकून उभ्या डॉक्टरबाई, सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त फार लांब गेलं होतं. वाफेने झाकलेल्या टाइल्स त्याला आठवल्या. किती दिवस उद्यावर ढकललं, कोण जाणे.

बायकोने धाग्याचं टोक सोडलं नव्हतं. तिकडूनच ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने ते टोक डॉक्टरबाईंच्या हाती दिलं, येऊन त्याच्याशेजारी उकिडवी बसली, आणि दुकानात बोलायची त्याच शांत आवाजात म्हणाली, "उजवा झाका."

"झाकलाय."

"धागा सरळ दिसतो का?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. दोन अक्षरांचं काम होतं, आणि हिरवी गाडी त्याची झाली असती. मग एखाद्या सकाळी एखादी सायकल, एखादं मूल नेमकं त्या वाकड्या जागी आलं असतं. हे त्याने पुरतं मनात येऊ दिलं आणि म्हणाला, "नाही."

"आता डावा झाका."

त्याने झाकला. "आता धागाच दिसत नाही."

तिने त्याचा खांदा घट्ट धरला. रागाने की भीतीने ते त्याला कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं. तो उठला आणि त्याने डॉक्टरबाईंपुढे हात जोडले. "गाडी सरळ आहे, बाई. वाकडं माझ्या डोळ्यात आहे. मला माफ करा."

बायकोने तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. आत्ताच्या आत्ता या, ते म्हणाले. मेहुण्याने मुकाट्याने व्हॅनची किल्ली काढली. तिने त्याला थांबवलं आणि विचारलं, की गाडीचं सगळं बघून झालं का? तो गोंधळला. म्हणाला, चालवून बघायची राहिलीय, क्लच आणि ब्रेक त्याशिवाय कळत नाहीत. मग ती डॉक्टरबाईंकडे वळली. गावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, हीच नेली तर चालेल का? डॉक्टरबाईंनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि छत कसं उघडायचं तेही दाखवलं.

चष्मेवाला शेजारच्या सीटवर बसला. स्वप्नात या बाजूने त्याने गाडी कधी पाहिलीच नव्हती. बायकोने क्लच दोनदा दाबून पाहिला, सीट पुढे ओढली आणि गाडी अंगणातून बाहेर काढली. मागून मेहुण्याची व्हॅन येत होती. उरलंसुरलं धुकं डोक्यावरून, कानांवरून वाहत गेलं. रस्त्याकडेच्या भिंती तरंगत मागे पडत होत्या. गाडीला आवाज होता, हेही त्याला नवीनच होतं.

समोर बघतच ती म्हणाली, "दिवसभर मी परक्यांना विचारत बसते. आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीवर."

"किल्ली काढून घेशील असं वाटलं."

"घेतलीच असती." तिने गिअर बदलला. "पण गाडीत तरी बसवलं असतं ना."

त्याला रडू आलं. लपवायला छत नव्हतं, म्हणून त्याने लपवलं नाही. ती म्हणाली, आता एकच करायचं. जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. सरळ असो, वाकडं असो, मला ऐकू आलं पाहिजे.

त्याने डोळे पुसले, उजवा झाकला आणि समोर पाहिलं. रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ धावत येत होती.

"रेघ वाकडी दिसतेय," तो म्हणाला.

"कुठे?"

"पुढे. त्या मोठ्या झाडाच्या अलीकडे."

तिने वेग कमी केला.

"अहो, तिथे वळण आहे," ती म्हणाली, आणि तिने स्टिअरिंग फिरवलं.