जादा साखर

ऑक्टोबर लागला की माग्डेबुर्गच्या आसपास बीटचे ट्रक सुरू होत आणि मग नाताळपर्यंत आमच्या गावाला साखर कारखान्याचा वास सुटे. साखरेचा वास गोड असतो असं ज्याला वाटतं त्याने एकदा येऊन खुशाल नाक घालावं. उकडलेल्या मातीचा आणि आंबलेल्या बीटचा तो वास पडद्यांत, गाद्यांत, केसांत जाऊन बसे. संशोधन संस्थेतल्या डॉ. हाइड्रुन लोबेडानला मात्र त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, वासाबिसाचं भान नव्हतं. तिला पुढच्या मेमध्ये ल्युबेकला जायचं होतं.

ल्युबेक तसं फार लांब नाही, पण ते पश्चिम जर्मनीत, आम्ही पूर्व जर्मनीत, आणि मध्ये सरहद्द होती. हाइड्रुनची आई पलीकडे, हाइड्रुनच्या भावाकडे राहायची. पेन्शनीत निघालेल्या म्हाताऱ्यांना आमचं सरकार आनंदाने पलीकडे सोडी. तिकडेच राहिले तर तेवढी पेन्शन वाचली. कामाच्या माणसाला मात्र कारण दाखवावं लागे. आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस हे कारण नियमात बसत होतं. आता फक्त साहेबांनी ‘बाई भरवशाच्या आहेत, परत येतील’ असं म्हणायला हवं होतं.

साहेब म्हणजे डॉ. फोल्कमार पेट्झोल्ट. माणूस वाईट नव्हता. पाइप ओढायचा, कुणाचं नाव वर कळवायचा नाही, आणि शब्द देताना जरा सैल असायचा.

“लोबेडानबाई,” तो म्हणाला, “कोलियसच्या पेशींमधून मला तिप्पट उतारा काढून द्या. मग तुमच्यासाठी असा शब्द टाकतो की मंत्रीसुद्धा नाही म्हणणार नाही.”

आपल्या बागांतून रंगीबेरंगी पानांचा कोलियस असतो, तोच हा. त्याच्या पानाच्या पेशी पाण्यात वाढवल्या की त्या एक आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाने सूज उतरते. त्याचं औषध करून पश्चिमेला विकायचं आणि तिकडचे मार्क कमवायचे, असा बर्लिनच्या मंत्रालयाचा बेत होता. बेत मंत्रालयाचा, पेशींना त्याची खबर नव्हती. झाडावरच्या पानाला ऊन पुरतं, अंधाऱ्या चंबूतल्या पेशींना सगळा आधार पाण्यातल्या साखरेचा. साखर मिळाली की त्या मस्त फुगत, एकीच्या दोन होत, आणि आम्लाच्या नावाने शून्य.

“आपल्या योजना खात्यासारख्याच आहेत,” हाइड्रुनची मदतनीस मार्लीस म्हणाली. “खातात, वाढतात, माल काही देत नाहीत.”

“हळू बोल गं.”

“पेशींना कान नसतात, डॉक्टर.”

“भिंतींना असतात.”

हिवाळाभर हाइड्रुन त्या चंबूंपुढे बसून होती. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की पाण्यातलं फॉस्फेट संपलं की पेशींची वाढ थांबते, आणि नेमकी तेव्हाच साखरही संपलेली असते. म्हणजे पेशी वाढीतून मोकळ्या होतात, आता बसून आम्ल करायला हरकत नाही, पण घरात शिधाच नाही! मग त्या करणार काय, कपाळ? तिने पुस्तकातल्या कृतीच्या अडीचपट साखर घातली. जानेवारीच्या अखेरीस चंबूंतलं पाणी चहासारखं तांबूस झालं. मार्लीसने मोजलं, आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. उतारा पाचपट निघाला.

पेट्झोल्टने क्राइमियाची फसफसती वाइन आणली. मार्लीस चंबूंच्या रांगेपुढे नाचली. हाइड्रुनने एकच प्याला घेतला आणि मनात बॅग भरायला घेतली. आईला कोणता झगा आवडतो इथपर्यंत ती पोचली होती.

आठवड्याभराने तिला कर्मचारी विभागात बोलावणं आलं. तिथल्या प्रमुख ड्रेस्लरबाई. टेबलावर आफ्रिकन व्हायोलेटची कुंडी, हसणं अगदी मायाळू.

“अभिनंदन, कॉम्रेड लोबेडान! देशाला तुमचा अभिमान आहे. आता ही तुमची साखर म्हणजे राष्ट्राचं गुपित झालं, आणि तुम्ही गुपिताच्या धनी.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे पश्चिमेशी संबंध नाही. प्रवास नाही, पत्र नाही, फोन नाही. तिकडचं कुणी भेटायला आलं तर दार उघडायचं नाही.”

“माझी आई आहे तिकडे. मेमध्ये पंच्याहत्तर पूर्ण होतायत तिला.”

“आमच्या शुभेच्छा कळवा,” ड्रेस्लरबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच आठवलं. “म्हणजे... कळवू नका.”

“आणि सही नाही केली तर?”

“तर प्रयोगशाळेत पाय ठेवता येणार नाही. आणि सही न करणाऱ्या माणसाला पलीकडे कोण पाठवतं, तुम्हीच सांगा.”

इकडे आड, तिकडे विहीर. हाइड्रुनने सही केली. जिन्यावरून उतरताना तिला स्वतःचाच इतका राग आला की कठडा धरून उभं राहावं लागलं. जायला मिळावं म्हणून राबली, आणि जितकं चांगलं राबली तितकी अडकली. मठ्ठपणा केला असता तर आज मोकळी असती! गुळाने मरणाऱ्याला विष कशाला, म्हणतात ते खोटं नाही. पेट्झोल्टला तिने गाठलं तेव्हा तो पाइप साफ करत राहिला.

“मोठी टाकी एकदा चालू द्या,” तो म्हणाला. “कृती कारखान्याच्या हवाली झाली की मी तुम्हाला यातून सोडवतो.”

कोपराला गूळ लावून ठेवायचा तो असा. हाइड्रुनने या वेळी चाटायचा प्रयत्न केला नाही. तिने वेगळाच हिशेब मांडला. गुपितच खोटं ठरलं, तर गुपित सांभाळणारीला कोण विचारतो? मार्चमध्ये मोठी टाकी भरली, तिच्यातलं पाणी कालवायचं काम तिचंच होतं. मार्लीस जेवायला गेली असताना तिने साखर ओतली, अडीचपट नव्हे, पाचपट. पोत्याचं तोंड तिने पुन्हा बांधून ठेवलं. पेशींची दया आली, आणि स्वतःची भीती वाटली. आजवर कधी तिने एक चंबू मुद्दाम बिघडवला नव्हता.

टाकीत तांबूस रंग काही आला नाही. मंत्रालयाची माणसं यायची होती त्याच्या आदल्या दिवशी पेट्झोल्टने स्वतः नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाक घट्ट झाला की मुरांब्यातल्या कैरीच्या फोडी आकसतात, तशा पेशी आतून आकसून आपापल्या कोपऱ्यात बसल्या होत्या. त्याने मार्लीसला बाहेर पाठवलं. मग नमुन्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“गोड आहे,” तो म्हणाला. “इतक्या दिवसांनी इतकं गोड लागायला नको.”

हाइड्रुनने सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.

“याला घातपात म्हणतात, लोबेडानबाई. यात माणसं आत जातात.”

“मग कळवा त्यांना. माझं काय राहिलंय?”

“मंत्रालयाला कळवायचं ते मघाशीच कळवून आलो. रंग नाही हे सकाळीच दिसलं होतं मला.” त्याने बोट रुमालाला पुसलं. “सांगितलं की या वेळी पाणी मी कालवलं आणि माझ्याच्याने ते जमलं नाही. कृती फार नाजूक आहे, म्हटलं. लोबेडानबाईंचा हात लागल्याशिवाय या पेशी काम करत नाहीत. त्यांना पटलं. उलट खूश झाले, चूक कुठे ते सापडलं म्हणून.”

हाइड्रुनच्या जिवात जीव आला. ती स्टुलावर बसली, आणि बसल्यावर तिला त्या बोलण्याचा उरलेला अर्थ कळला.

“म्हणजे आता माझ्याशिवाय चालणारच नाही.”

“नाही.”

“कृती कारखान्याला दिली तरी?”

“तरी तुम्ही लागणारच. मला दुसरं काही सुचलं नाही हो.” तो खिडकीकडे वळला. “माझा भाऊ हानोव्हरला वारला, तेव्हा मीही इथेच होतो. मलाही असंच एका भल्या माणसाने वाचवलं होतं.”

त्याच्यावर ओरडावं की त्याचे आभार मानावेत हे हाइड्रुनला कळेना. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने टाकी धुवून घेतली आणि नवं पाणी कालवलं, बरोबर अडीचपट साखरेचं. आता चूक करायची सोय उरली नव्हती. टाकी बिघडली तर पेट्झोल्ट बुडणार होता. एप्रिलमध्ये पाणी छान तांबूस झालं.

आणि तिच्या घरी फोन आला! आमच्याकडे लोक फोनसाठी अर्ज करून केस पिकवत. हाइड्रुनकडे तो आठवड्यात बसला, टाकीला कधीही तिची गरज लागेल म्हणून. जिन्यातली माणसं तिच्याकडे हेव्याने बघू लागली. तळमजल्यावरच्या कुपफरआजी तर मुद्दाम अंड्यांचं निमित्त काढून फोन बघायला आल्या, त्याच्यावरून हात फिरवून गेल्या. त्या पेन्शनर, मेच्या सुरुवातीला बहिणीकडे ल्युबेकला निघाल्या होत्या. फोनच्या चकतीवरचा नंबर त्यांनी पाठ केला असेल हे हाइड्रुनच्या मनातही आलं नाही.

वाढदिवस रविवारी होता. हाइड्रुनने दुपारी कॉफी केली, ती तशीच गार झाली. केक तिने आणलाच नव्हता. फोन वाजला तेव्हा तिला टाकीचीच काळजी वाटली.

“लोबेडान,” तिने सवयीने आडनाव सांगितलं.

“हाइडी! अगं हाइडी, मी बोलतेय!”

तारेत बारीक खरखर चालू होती. सरकारने घरात बसवलेला फोन आणखी कोण कोण ऐकतं हे तिला माहीत होतं. तिच्या एका वाक्यावर पेट्झोल्टची नोकरी होती, मार्लीसची होती.

“चुकीचा नंबर लागलाय तुम्हाला,” ती म्हणाली.

म्हातारीने आयुष्य इकडेच काढलं होतं. तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

“अगंबाई,” आई सावकाश म्हणाली. “माफ करा हं, बाई. म्हातारं माणूस, नीट दिसत नाही आकडे फिरवताना.” जन्मात तिने मुलीला अहोजाहो केलं नव्हतं. “पण लागलाच आहे फोन, तर दोन शब्द बोलले तर चालेल का तुम्हाला?”

“बोला.”

“आज मी पंच्याहत्तर वर्षांची झाले. चेरीचा केक केलाय सूनबाईने. गुडघे दुखतात, पण चालते मी बागेपर्यंत. माझी मुलगी येणार होती, तिला नाही जमलं. कामाची आहे ना फार. लहानपणापासून तशीच, हातात घेतलं की तडीस नेणार.” तिने श्वास घेतला. “तुम्हाला कधी भेटली, तर सांगाल का तिला, मी रागावलेली नाही म्हणून?”

हाइड्रुनने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

“मी ओळखत नाही हो त्यांना,” ती म्हणाली. गालांवरून पाणी गळत होतं, आवाज तिने सरळ ठेवला.

“हो, हो. तुम्ही कशा ओळखाल? बरं, ठेवा आता.”

“तुम्ही ठेवा आधी.”

“ठेवते.”

कुणीच ठेवला नाही. पलीकडे बशांवर चमचे वाजत होते, भाऊ कुणाला तरी कॉफी वाढत होता, आणि त्या सगळ्यातून आईचा श्वास अगदी जवळ ऐकू येत होता. दोघी तशाच एकमेकींचं ऐकत राहिल्या, आणि शेवटी लाइन तोडली ती तिसऱ्याच कुणीतरी.