बोंबल्या गप्प बसला

बोंबल्या ज्याच्यावर भुंकला नाही असा माणूस त्या जिन्यावरून आजवर गेलेला नव्हता. दूधवाला, पोस्टमन, मीटर बघायला येणारा, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. वरच्या मजल्यावरच्या घड्याळकाकांशी तर त्याचं उभं वैर. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, त्याला शांतता लागते. रोज एकदा तरी काठी आपटत ते खाली यायचे, "बाई, तुमचा तो भोंगा आवरा!" आणि बोंबल्या त्यांच्या चपलांसमोर उभा राहून त्यांनाच दुप्पट सुनावायचा.

म्हणून तर त्याला सांभाळायला कोणी मिळेना. बाईच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन, उद्या सकाळची गाडी, आणि आधी आलेल्या दोन मुली उंबऱ्यातूनच पळालेल्या. पडदे शिवून पोट भरणारी ही बाई. अख्ख्या जगात तिची म्हणावी अशी दोनच माणसं, एक बहीण आणि एक हा कुत्रा. एकासाठी दुसऱ्याला वाऱ्यावर कसं सोडायचं?

दुपारी तिसरा आला. नीटनेटका, गोड बोलणारा. आणि काय आश्चर्य, बोंबल्याने चकार शब्द काढला नाही! गुपचूप शिलाई मशीनखाली जाऊन बसला.

"अगंबाई, तुम्ही आवडलात की त्याला!" तिला इतका आनंद झाला की ती बोलतच सुटली. खाण्याचा डबा कुठे, ती निघणार कधी, घरात दुसरं कोणी नाही, सगळं सांगून झालं. जादा किल्लीसुद्धा त्याच्या हातात दिली.

"कुठून आणलात याला?" त्याने विचारलं.

"आणतेय कुठली! पुलाखाली सापडला. गळ्यात दोर रुतलेला, पाठभर वळ. कोण मेला राक्षस होता कोण जाणे."

"असतात काही माणसं," तो हसला. बसून बसून कंबर अवघडली म्हणत उठला आणि कमरेचा पट्टा सैल केला.

बक्कल वाजलं, आणि मशीनखालून मुताची धार वाहत आली. तिने वाकून पाहिलं. बोंबल्या पोट जमिनीला टेकून, डोळे घट्ट मिटून पडला होता. त्याचं अंग इतकं कापत होतं की त्याला टेकलेलं मशीनचं पायडलही हलत होतं.

आवडला कसला, डोंबल! ज्याने ते वळ उठवले तोच हा. आणि किल्ली त्याच्या खिशात. रिकामं घर, उद्याची गाडी, सगळं आपणच आपल्या तोंडाने सांगून बसलोय.

तिने मांडीवरचं पडद्याचं कापड बाजूला ठेवलं. "आमचं कुलूप जरा हट्टी आहे," ती कशीबशी म्हणाली. "चला, उघडायची युक्ती दाखवते."

तो बाहेर जिन्यात गेला, किल्ली तिच्या हातात दिली. तिने मागे सरून धाडकन दार लावलं आणि कडी घातली.

मग बाहेरून हलकीशी शीळ आली.

बोंबल्या उठला. पोट फरफटत दाराकडे निघाला. बोलावलं की जायचं, नाही गेलं तर काय होतं ते त्याच्या पाठीला ठाऊक होतं. तिने त्याला कवटाळलं. "भुंक रे माझ्या राजा! भुंक ना!" एवढे दिवस ज्याला गप्प बस, गप्प बस म्हणून दटावलं, त्याला ती आता विनवत होती. तो कण्हलासुद्धा नाही. पुन्हा शीळ आली. दाराची मूठ फिरली.

मग तीच भुंकली. हो, भुंकली! पन्नाशीची बाई, गुडघ्यांवर बसून, दाराकडे तोंड करून, घसा फाटेस्तोवर भुंकली.

वर खुर्ची सरकली. "बाई, पुरे झालं हां आता!" काठी जिन्यात आपटू लागली. "आणि तुम्ही कोण हो? इथे काय करताय?" पावलं भराभर खाली उतरून गेली.

तिने दार उघडलं. सांगायला गेली आणि तिला रडूच कोसळलं. रडत रडतच तिने सगळं सांगितलं. काकांनी एक पाऊल आत टाकलं, तोच बोंबल्या तिच्या कुशीतून उसळला आणि त्यांच्या चपलांवर भुंकायला लागला. अजून थरथरत होता, पण भुंकत होता.

"बघा! झाला सुरू!"

"काका," ती डोळे पुसत म्हणाली, "मी येईपर्यंत याला तुमच्याकडे ठेवाल?"

"मी? अहो, माझ्यावर तर हा सारखा भुंकतो!"

"म्हणूनच. तुम्हाला तो भीत नाही."

काकांनी ओल्या फरशीकडे पाहिलं, मग हातातल्या काठीकडे. काठी त्यांनी बाहेर जिन्यात उभी करून ठेवली आणि मग आत आले.