कुवाबारांचा फोन

"डावखुरा घेतला तर उभा कुठे करायचा त्याला? माझ्या डोक्यावर?"

शिबुकावा फळ्यासमोर उभे होते. फळ्यावर लोहचुंबकाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, एकेका पट्टीवर एकेका पिचरचं नाव. बेसबॉलचा मोसम नुकताच संपला होता. संघ शेवटून दुसरा आला होता आणि मालकांचं म्हणणं मोजकं होतं: फलंदाज ठीक आहेत, चेंडू टाकणारे बदला. शिबुकावा संघबांधणी विभागाचे प्रमुख, त्यामुळे फळा त्यांच्या गळ्यात पडला होता. सुरुवातीला टाकणारे दोन हवे होते, शेवटच्या डावात सामना आवरणारा एक हवा होता, एका परदेशी पिचरशी बोलणी चालू होती. आणि महिनाअखेरीला नव्या पोरांची निवड व्हायची तेव्हा विद्यापीठातला एक डावखुरा हाती लागायची शक्यता होती. पण संघात सत्तरच माणसं ठेवायचा नियम. एक आत घ्यायचा तर एक बाहेर काढायचा, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

टेबलाभोवतीची सगळी माणसं फळ्याच्या एकाच कोपऱ्याकडे बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती. त्या कोपऱ्यात मिझोगुचीची पट्टी होती.

"त्याचा खांदा आत्ता कुठे बरा झालाय," कुवाबारा म्हणाले. "ऑगस्टपासून चेंडू पुन्हा जड यायला लागलाय. आपल्या दुसऱ्या फळीच्या संघातल्या कॅचरला विचारा, त्याचे चेंडू तोच झेलतो."

"कुवाबारासान, हे तुम्ही गेल्या ऑक्टोबरातही म्हणाला होतात."

"तेव्हा आशेवर बोलत होतो. आता डोळ्यांनी बघून बोलतोय."

"त्याच्या आदल्या वर्षीही," शिबुकावा म्हणाले. ते कुवाबारांपेक्षा पुष्कळ लहान होते आणि वाईट माणूस नव्हते. त्यांनी पट्टी काढली, क्षणभर हातात धरली आणि खिशात टाकली. "उद्या दहाला बोलवा. तुम्हीच फोन करा. नेहमी तुम्हीच करता."

हे मात्र खरं होतं. कुवाबारा तरुणपणी याच संघात कॅचर होते. पहिल्या संघात जेमतेम एक उन्हाळा खेळले आणि पुढे सरावात पिचरांचे चेंडू झेलत राहिले. गुडघे गेल्यावर त्यांना गावोगाव शाळांच्या मैदानांवर पोरं हेरायला पाठवलं, आणि केस पिकल्यावर या खोलीत बसवलं. आता त्यांची कामं दोन. ज्याला आणायचं त्याच्या घरी जाऊन आईबापांसमोर वाकायचं आणि ज्याला काढायचं त्याला फोन करायचा. पोरं पाठीमागे त्यांना यमदूत म्हणत. ऑक्टोबरात त्यांचा फोन वाजला की भलेभले फोन पालथा ठेवून न्हाणीघरात शिरत. फोनवरचं वाक्य ठरलेलं असे: उद्या दहा वाजता ऑफिसला ये, सूट घालून. पुढे कोणी कधी काही विचारत नसे. सूट घालून बोलावलं म्हणजे काय, हे शाळेत खेळणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. आणि ते बरंही असतं. माणूस रात्रभर जे रडायचं ते रडून घेतो, सकाळी दाढी करतो, टाय बांधतो आणि ताठ मानेने येऊन ऐकतो. त्या एका शब्दात सगळी दया भरलेली आहे, असं कुवाबाराच नव्या कारकुनांना सांगत.

त्यांनी मोटारीत बसून फोन लावला. मिझोगुचीने पहिल्याच घंटीला उचलला.

"कुवाबारासान! आज तुम्ही हवे होतात. स्लायडर शेवटी आडवा सरकून असला बसला, असला बसला, कॅचर म्हणतो हात सुजला माझा. खांद्याचं तर मी विसरूनच गेलो होतो."

"होय का."

"दोन वर्षांनी पहिल्यांदा विसरलो बघा. टाकून झाल्यावर आठवलं, की अरे, आपल्याला खांदा आहे."

मागे पोरांचा गलका होता, चेंडू जाळीत आदळल्याचे आवाज होते. कुवाबारांनी घसा खाकरला.

"मिझोगुची, उद्या दहा वाजता ऑफिसला ये."

पलीकडे सगळं एकदम शांत झालं. तो मैदानाच्या कडेला गेला असावा. तो पुढच्या शब्दाची वाट बघत होता आणि कुवाबारांना ते कळत होतं. शब्द तोंडात तयार होता. एवढ्या वर्षांत किती जणांना सांगितला असेल, पण आज जीभ रेटेना. सांगतो, आत्ता सांगतो, असं म्हणता म्हणता ते गप्पच राहिले.

"आणखी काही, कुवाबारासान?"

"नाही. एवढंच."

फोनमध्ये एक लांब श्वास सुटल्याचा आवाज आला.

"येतो," मिझोगुची म्हणाला. "नक्की येतो. थँक्यू. खरंच थँक्यू."

घरी सुमिएने मासा भाजायला ठेवला होता. नवऱ्याचा चेहरा बघून तिने आच कमी केली.

"आज कोण?"

"मिझोगुची."

तिने मासा उलटला. मिझोगुचीला शोधलं तेव्हाचा यावाताहामा गावचा तो चढ तिला ऐकून ऐकून पाठ झाला होता. दोन्ही अंगांना संत्र्यांच्या बागा, वर एक घर, घरात एक न बोलणारा बाप आणि चहा ओतणारी आई. आईने एकच मागणं मागितलं होतं: परत पाठवाल तेव्हा पोराचा हात धड असू द्या. कुवाबारा चटईला कपाळ टेकून म्हणाले होते, पोराला माझ्या हवाली करा. मग चौथ्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन करावं लागलं.

"रडला का?"

"नाही. सूटचं सांगितलं नाही मी."

सुमिए वळली. "म्हणजे?"

"ये म्हणालो. सूट म्हणालो नाही."

"अहो, मग त्याला काय वाटलं असेल?"

"जे वाटायचं ते वाटलं. पहिल्या संघात बोलावलंय, असं."

"आत्ताच्या आत्ता फोन लावा," ती म्हणाली. "तुमचं मन हळवं, म्हणून पोरगं भर दरबारात उघडं पडणार. दया करायची तर नीट करा. ही कसली दया?"

बायको बरोबर बोलत होती, आणि बरोबर बोलणाऱ्या बायकोपुढे माणसाला पळायला जागा नसते. त्यांनी फोन लावला. लाइन एंगेज होती. मासा खाऊन झाल्यावर लावला, तरी एंगेजच. तो कोणाशी बोलतोय हे ओळखायला ज्योतिषी नको होता. तो आईशी बोलत होता. कुवाबारांनी फोन टेबलावर ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही. आईला सांगून झाल्यावर आता काय बोलायचं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्यांना धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मिझोगुची आला तो संघाच्या निळ्या ट्रॅकसूटमध्ये. केस नुकते कापलेले, मान उन्हात रापलेली आणि काखेत ग्लोव्ह. ऑफिसातून थेट पहिल्या संघाच्या सराव शिबिराला जा म्हणतील तर तयारी असावी, असा त्याचा हिशेब असावा. दारात त्याने वाकून नमस्कार केला आणि आपलं नाव मोठ्याने सांगितलं.

शिबुकावा काळ्या सूटमध्ये उभे होते. त्यांनी आधी ट्रॅकसूटकडे बघितलं, मग ग्लोव्हकडे, मग कुवाबारांकडे. कुवाबारा भिंतीकडे बघत होते.

"बस," शिबुकावा म्हणाले. त्यांचंही ठरलेलं वाक्य होतं, पण तेही आज अडखळले. "मिझोगुची, तू आजवर खूप मेहनत घेतलीस. पुढच्या वर्षी तुझ्याशी करार करायचा नाही, असं संघाने ठरवलं आहे."

मिझोगुचीच्या तोंडावर अजून हसू होतं. ते कुठे ठेवायचं हे त्याला कळत नव्हतं. त्याने मांडीवरचा ग्लोव्ह हळूच उचलला आणि खुर्चीखाली सरकवला. मग तो उठून उभा राहिला आणि कंबरेत पूर्ण वाकला.

"माफ करा," तो म्हणाला. "अशा कपड्यांत आलो."

शिबुकावांनी दुसरी गोष्ट काढली. फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकणारा एक माणूस हवा आहे, तुझी नेम धरण्याची हातोटी चांगली आहे, संघाचीच नोकरी आहे, विचार कर. फलंदाजाला सहज मारता येईल असा चेंडू दिवसभर टाकायचा, असं ते काम. ज्याने जन्मभर बॅट चुकवायचं शिक्षण घेतलं, त्याला आता बॅटवर चेंडू नेऊन ठेवायचा होता.

"विचार करून सांगतो," मिझोगुची म्हणाला आणि पुन्हा वाकला.

कुवाबारा त्याला आपल्या गाडीतून संघाच्या वसतिगृहावर सोडायला निघाले. गाडी समुद्राकाठच्या रस्त्याला लागली.

"शिव्या दे मला," कुवाबारा म्हणाले.

"कशाला?"

"फोनवर सांगायला हवं होतं. तोंडातून निघेना."

"काल मला झोप लागली, कुवाबारासान. या संघात आल्यापासून अशी लागली नव्हती. खांदा दुखतोय का बघायला मधे उठलोसुद्धा नाही." त्याने खिडकीची काच खाली केली. "सूट इस्त्री करून टांगलेलाच असतो माझा. गेली तीन वर्षं ऑक्टोबरात टांगतो. काल तो परत कपाटात ठेवला."

"तुझ्या आईला मी फोन करतो."

"नको."

"माझं काम आहे ते. मीच तिच्याकडून तुला घेऊन आलो."

"म्हणूनच नको," मिझोगुची म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण कुवाबारांच्या हातातलं स्टीअरिंग जड झालं. "तुमच्या शब्दावर तिचा फार विश्वास आहे. आता तिला काही सांगू नका. मीच सांगेन. काल ती फोनवर कितीतरी वेळ नुसती हुं हुं करत होती. बाबा बागेतून आले, त्यांनाही बोलावलं. ते कधी फोनवर येत नाहीत. आले आणि म्हणाले, बरं झालं. एवढंच म्हणाले."

वसतिगृहात सामसूम होती. पोरं मैदानावर गेलेली. मिझोगुचीच्या वयाची सगळी केव्हाच लग्नं करून, नाहीतर नावं कमवून बाहेर पडली होती. तो एकटा मागे राहिला होता, खानावळीच्या मावशींच्या हातचं खाऊन. मावशी दारातच उभ्या होत्या, ॲप्रनला हात पुसत.

"आला का? ये ये. आणि यमदूतही आलेत वाटतं," त्या कुवाबारांना म्हणाल्या. त्यांना असं म्हणायची मुभा होती. "या आज तुम्हीसुद्धा. आज तुम्ही देवदूत."

जेवणाच्या टेबलावर पंचा अंथरलेला होता. वर झाकलेलं लाकडी भांडं. मावशींनी झाकण काढलं आणि वाफ वर आली. अझुकीचे, म्हणजे लाल चवळीसारखे, दाणे घालून शिजवलेला लाल भात, शुभ गोष्ट घडली की करतात तो. शेजारी डोक्याशेपटीसकट भाजलेला 'ताई' नावाचा मासा, तोही शुभप्रसंगाचाच.

"काल संध्याकाळी नाचत आला इथे," मावशी कुवाबारांना सांगत होत्या. "म्हणाला, मावशी, बोलावलंय पण सूट नाही म्हणाले. सूट नाही! लगेच दाणे भिजत घातले मी. इतक्या वर्षांत सूट घालून गेलेली पोरं किती बघितली मी या दारातून. एक तरी तसाच गेला. बस रे, उभा काय राहिलास?"

कुवाबारा पुढे झाले. आता सांगायलाच हवं होतं, आणि या वेळी ते सांगणार होते. "मावशी, ऐका जरा..."

"भूक लागलीय मावशी," मिझोगुची म्हणाला. तो बसला होता. त्याने वाटी पुढे केली.

मावशींनी ती शिगोशीग भरली. दुसरी भरून कुवाबारांपुढे ठेवली. मिझोगुचीने हात जोडले, चॉपस्टिक्स उचलल्या आणि मन लावून खायला सुरुवात केली. माशाच्या डोक्यामागचं मऊ मांस त्याने काढून खाल्लं, भाताचा एकेक दाणा वेचला. मावशी समोरच्या खुर्चीवर बसून बघत होत्या आणि मध्येच पदराने पुसावे तसे ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसत होत्या.

"पहिल्या संघात गेलास की राहायलाही तिकडेच जाशील. मग माझ्या हातचं कुठलं आवडायला?"

"आवडेल की."

"गोड बोलतोस. आणखी वाढू?"

"वाढा."

त्या भाताच्या भांड्याकडे वळल्या. कुवाबारांच्या हातातली वाटी तशीच होती. मिझोगुचीने टेबलावरची तीळमिठाची बाटली उचलली, कुवाबारांच्या भातावर थोडं भुरभुरलं आणि वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"खा, कुवाबारासान," तो हळूच म्हणाला. "सगळा खा. जेवण झाल्यावर सांगू त्यांना."

कुवाबारांनी मान खाली घातली आणि घास उचलला.