अरुंद रस्त्याचं कार्ड

मी एक ग्राफिक्स कार्ड बोलतोय. स्वस्तातलं, पण खोक्यावर मोठा आकडा मिरवणारं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुम्हाला जे चित्र दिसतं, ते रंगवायचं काम माझं.

माझं नशीब कारखान्यात नाही, एका बैठकीत ठरलं. माझ्या मेमरीतून चिपपर्यंत माहिती नेणारा जो रस्ता असतो, त्याला बस म्हणतात. माझा आराखडा काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "मेमरी थोडी कमी द्या, पण बस रुंद ठेवा."

किंमत ठरवणारे साहेब हसले. "गिऱ्हाईक खोक्यावरची मेमरी वाचतं. बसची रुंदी कोण विचारतं? बस निम्मी करा, मेमरी दुप्पट करा. किंमत तीच."

"जड काम आलं की अडेल ते."

"तोवर विकलं गेलेलं असेल."

बाईंनी आराखडा बदलला आणि मी तसाच जन्माला आलो.

मला विकत घेतलं एका ड्राफ्ट्समनने. इमारतींचे नकाशे काढण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, मग कचेरीच बंद पडली. चाळिशी उलटल्यावर तो घरी बसून नवं काम शिकला: अजून बांधायच्या घरातून माणसाला पडद्यावरच फिरवून आणायचं. एका बिल्डरने त्याला काम दाखवायला बोलावलंही होतं. दुकानात त्याच किमतीचं दुसरं कार्ड होतं, मेमरी कमी पण बस रुंद. त्याने ते हातात घेतलं होतं.

"अहो काका, ते जुनं झालं," दुकानदार म्हणाला. "याची मेमरी दुप्पट आहे. डोळे झाकून घ्या."

त्याने डोळे झाकूनच घेतलं.

घरी तो एकेक खोली रचत गेला. भिंतीवरची उन्हाची तिरीप मनासारखी उतरेपर्यंत जेवायला उठायचा नाही. बायको मागे उभी राहून बघायची. "छान झालंय. पण तिथे जमेल ना?" एवढंच विचारायची.

तो मला कॉम्प्युटरसकट बिल्डरच्या ऑफिसात घेऊन गेला. तिथे पडदा भिंतभर होता. घरच्या छोट्या पडद्यावर मी कसंबसं निभावून नेलं होतं. इथे चौपट ठिपके रंगवायचे होते. काचा, झाडं, जिना, सगळं माझ्या मेमरीत हजर होतं, पण त्या अरुंद रस्त्यावर कोंडी झाली. जिना चढता चढता चित्र थिजलं. जरा सरकलं, पुन्हा थिजलं.

"काय हो, तुमच्या घराला दम लागतो का?" बिल्डर म्हणाला. टेबलाभोवतीचे सगळे हसले.

"एक मिनिट, साहेब." त्याने घाईघाईने चित्राचा बारकावा कमी केला. झाडांचे हिरवे गोळे झाले.

"राहू द्या. या वयात माणसाने नसते उद्योग करू नयेत. चहा घेऊन जा."

तो चहा प्यायला. मग वायरी गुंडाळून निघाला.

"मला नाही जमलं," घरी येऊन तो बायकोला म्हणाला. पुढे एका गोदामात माल मोजायच्या नोकरीला लागला.

एके दिवशी कॉम्प्युटर सुरू होईना. बायकोचा धाकटा भाऊ दुरुस्तीची कामं करतो, तो आला. मला बाहेर काढून त्याने उलटसुलट पाहिलं.

"ताई, भाऊजींची काही चूक नव्हती गं. या कार्डाची बसच निम्मी आहे. दुसरं असतं तर काम लोण्यासारखं चाललं असतं. येऊ देत, सांगतो त्यांना."

तिने उठून दार लोटलं. "सांगू नकोस."

"का?"

"आता कुठे पगार सुरू झालाय. हे ऐकलं तर नोकरी सोडून परत त्या खुर्चीत बसतील. आपल्यालाच जमत नाही, असं वाटतंय ना त्यांना? वाटू दे."

भावाने मला पुसून परत जागेवर बसवलं. तेवढ्यात तिचा नवरा भाजी घेऊन आला. "काय झालं होतं रे?"

"काही नाही, भाऊजी. धूळ होती."

आता माझ्यावर ती संध्याकाळी मालिका बघते. तो त्या खोलीत येत नाही. माझं एकच मागणं आहे. कुठल्या गोदामाच्या दारात, खोक्यांवर छापल्यासारखे आकडे काढणारा माणूस दिसला, तर त्याला सांगा की त्याचं काम चोख होतं. घरात त्याला कोणी सांगणार नाही, आणि मला तोंड नाही.