पलीकडच्या काठावरची बेबा

धुळ्याच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या महाजन मॅडमला स्वप्नं मात्र अजून अहिराणीत पडत. स्वप्नात गिरणेला पाणी असे, काठच्या निंबाला झोका बांधलेला असे आणि आई तिच्याशी भरभरून बोलत असे. जाग आली की ती छताकडे बघत पडून राही, कारण जागेपणी आई तिच्याशी तसं बोलत नव्हती.

"या, बसा. प्रवास कसा झाला?" तहसीलदाराशी बोलावं तसं यशोदाबाई पोटच्या पोरीशी बोले.

मॅडम मूळची पाचोऱ्याच्या बाजूची, गिरणाकाठच्या गावातली बेबा. शाळेत अहिराणी शब्द निघाला की गुरुजी बाकावर उभं करत. पोर हट्टाची. तिनं जीभ घासूनपुसून लख्ख केली आणि पुण्यात एम.ए.ला पहिली आली. त्याच सुट्टीत पुण्याची मैत्रीण घरी आली. आई कौतुकानं तिला काहीतरी सांगू लागली, तर बेबा सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, जरा नीट बोल ना."

आई नीट बोलू लागली. बाकी गावाशी अहिराणी, बेबाशी नीट. त्याला आता बारा-चौदा वर्षं होत आली होती.

पुढं बेबानं पीएच.डी.ला खानदेशी बायकांची गाणी घेतली. "त्यात अभ्यासण्यासारखं काय आहे?" असं मोठमोठ्यांनी नाकं मुरडून विचारलं, ती त्यांना पुरून उरली. मॅडमला पदवी हवी आहे, असं लोकांना वाटे. हवी होतीच, खोटं कशाला बोला! पण त्या गाण्यांच्या आडून आईचा जुना आवाज परत मिळेल, ही आशा मोठी होती. ती मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती.

एकोणनव्वद सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती टेपरेकॉर्डर घेऊन गावी आली. आखाजीला माहेरवाशिणी जमतात आणि नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावच्या बायका उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून मनसोक्त शिव्या घालतात. त्याला बार म्हणतात. जी बाजू आधी गप्प होईल ती हरली. यशोदाबाई कधी हरली नव्हती.

बेबानं ओसरीवर सतरंजी टाकली, टेप मांडला. "आई, बार म्हण ना."

"मला आठवत नाही," यशोदाबाई म्हणाली.

शेजारच्या सुंदरबाईला हसू आवरेना. "आथं घरमा बशीसन बार व्हस का? समोर कोनी नको का?"

बेबा खजील झाली. या मातीत वाढलेल्या पोरीला हे सांगावं लागावं! शिव्या घालायला समोर कुणी नसेल तर शिवी सुचायची कशी?

दुपार कलल्यावर बायका नदीवर गेल्या. पलीकडचा काठ ओस पडला होता. पलीकडच्या गावात यंदा भाड्यानं व्हिडिओ आणला होता, सगळ्या त्याच्यासमोर. यशोदाबाई डोळ्यांवर हात धरून थोडा वेळ बघत राहिली, मग पदर सारखा करून माघारी वळली.

बेबानं टेपरेकॉर्डर सुंदरबाईच्या हाती दिला, चपला तिथंच सोडल्या आणि कोरड्या नदीत उतरली. वाळू तापलेली होती. उन्हाच्या झळांनी समोरचा काठ पाण्यावर तरंगल्यासारखा हलत होता आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे तिला नीट कळेना. घोट्याशी गार पाणी लागल्याचा भास झाला. पलीकडे चढून ती वळली. जाता जाता थांबलेली आई लहानशी दिसत होती, अगदी स्वप्नात दिसे तेवढीच.

"ऐका हो, ऐका!" बेबा ओरडली. अलीकडच्या बायका खो खो हसल्या. हा बार होता की वर्ग भरला होता?

मग यशोदाबाई पुढं आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्या काठनी पोर भलती शिकेल,
भाकर थापाले बसनी, चुल्हाच इझेल!"

हशा पिकला. बेबाच्या कानशिलांपर्यंत राग चढला. तो राग लहानपणचा होता, झोक्यावरून ढकलल्यावर यायचा तसा. तिनं तोंड उघडलं, आणि शब्द शोधावा लागला नाही.

"त्या काठनी माय भलती गुनी,
पोटनी पोरले म्हने पाव्हनी!"

बायकांचं हसू थांबलं. सगळ्या यशोदाबाईकडे बघू लागल्या. ती काहीच बोलली नाही.

"यशोदाबाई हारनी!" कुणीतरी ओरडलं.

बेबा धावतच नदी ओलांडून आली. तिला धाप लागली होती आणि जिंकल्याचा आनंद तर कुठंच नव्हता. आपण पुन्हा आईला चारचौघांत दुखावलं, एवढंच तिला कळत होतं. "आई, मी..."

यशोदाबाईनं पदरानं तिच्या तोंडावरची धूळ पुसली.

"हारनू नही वं, बेबा," ती म्हणाली. "तुन्हं आयकत बठनू."